नर्सबाईंचं माप

धाकटीनं फोन कानापासून हातभर लांब धरला आणि रिकाम्या बाकाकडे तोंड करून जोरात हाक मारली,

"अहो नर्सबाई, चहा निवतोय तुमचा!"

बाकावर कुणीही नव्हतं. तिची सॅक होती आणि सॅकेवर वाळत घातलेले मोजे होते. कुंपणापलीकडे चरणाऱ्या मेंढीनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"हात धुवायला गेल्यात त्या," धाकटीनं फोन परत कानाला लावला. "नर्सच शेवटी. दहा वेळा हात धुतात."

"बरंय," पलीकडून नवरा म्हणाला. "निदान एक तरी शहाणं माणूस बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर तिनं कपाळाचा घाम पुसला. पंधरा किलोमीटर चालताना जेवढा आला नव्हता तेवढा घाम या पाच मिनिटांत आला होता.

एक्कावन्न वर्षांच्या बाईला धाकटी म्हणायचं म्हणजे गंमतच. पण ती या घरात आली तेव्हा एक थोरली होती. थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली, तिकडेच रमली, आणि ही मात्र धाकटीच राहिली. सासूबाईंचं शिवणाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश, दवाखान्यांचे डगले, पावसाळी कोट. सासूबाई कापायच्या, धाकटी शिवायची. तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच खिडकीपाशी. मशीनवर पाय चालवून चालवून तिनं एव्हाना पृथ्वीला प्रदक्षिणा घातली असती, पण बाई काही खिडकीपलीकडं सरकली नव्हती. मग एके दिवशी एक मुलगी सॅकेचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला आली, आणि पट्टा होईपर्यंत बसल्या बसल्या तिनं समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या पायवाटेबद्दल सांगितलं. सहाशे किलोमीटर, चाळीस दिवस. दगडांवर पिवळ्या रंगाच्या खुणा असतात, चुकायची भीती नाही. धाकटीनं त्या दिवशी गणवेशाच्या एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

एकटी जाते म्हटलं असतं तर नवऱ्यानं जाऊ दिलं नसतं. नवरा गाडी शिकवायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. बावीस वर्षं तो त्या ब्रेकवर पाय ठेवून बसला होता आणि घरी आल्यावरही उचलत नव्हता. म्हणून तिनं नर्सबाई काढल्या. आपल्याकडं डगले शिवून घेतात त्या, मोठ्या इस्पितळातल्या, त्याही निघाल्यात. नर्स म्हटल्यावर नवरा गप्प बसला. थाप कशी, मापात बसली.

आता ती थाप उघडी पडली असती तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर झाला असता. भांडला नसता, तो भांडणारा नव्हे. नुसता दार उघडून उभा राहिला असता आणि ती निमूट आत बसली असती. तिला भीती त्याची नव्हती. आपण बसू, याची होती.

आणि गाडीत बसून परतायची हुक्की तिला आज, पहिल्याच दिवशी, आली होती, खरं सांगायचं तर. सकाळी ती अशी सुटली होती की जणू संध्याकाळपर्यंत दोनशे गणवेश द्यायचेत. समुद्र बघितला, छान आहे म्हणाली, पुढं. दुपारी एकला मुक्कामघरी पोचली तेव्हा मुक्कामघरवाला अजून चादरी झटकत होता.

"इतक्या लवकर?" तो म्हणाला. "लोक पाचला येतात."

"मग एकपासून पाचपर्यंत करायचं काय?"

"काही नाही."

काही नाही म्हणजे काय, ते तिला कळेना. बाकावर बसली तर उजवा पाय आपोआप खालीवर हलायला लागला, मशीन चालवल्यासारखा. हात शिवशिवायला लागले. शेवटी सॅकेतून सुईदोरा काढून तिनं मुक्कामघराच्या चारही पडद्यांचे उसवलेले काठ शिवून टाकले आणि मुक्कामघरवाल्याच्या कोटाला बटण लावलं. त्यानं ते मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. सॅकेचं वजन खांद्यांवरून कमरेवर आणि कमरेवरून परत खांद्यांवर फिरत राहिलं. वाटेत चिटपाखरू नव्हतं. घरी मशीनचा आवाज, रस्त्याचा आवाज, सासूबाईंचं पुटपुटणं, यात तिला कधी स्वतःचा श्वास ऐकू आला नव्हता. तो आता येत होता, आणि भलताच मोठा होता. फोडाला चिकटपट्टी लावायला ती दर अर्ध्या तासानं थांबायची, आणि थांबलं की जिवाची नुसती घालमेल. आपण इथं काय करतोय? कुणी बोलावलं होतं? तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं मोठ्यानं विचारलं,

"नर्सबाई, मी जाऊ का हो परत?"

आणि नर्सबाई म्हणाल्या, "जा की. फोड काय, घरीपण येतो."

आपल्याच तोंडून हे निघालं म्हणून धाकटी आधी दचकली आणि मग एकटीच हसत सुटली. बाई फटकळ निघाली होती. त्यानंतर दोघी बोलत बोलत चालल्या. उतारावर नर्सबाई म्हणायच्या, 'पाय नीट टाक, डोळे काय समुद्रात पडलेत?' आणि चढावर म्हणायच्या, 'रडून चढलीस तरी तेवढाच आहे.'

संध्याकाळी फोन सासूबाईंनी घेतला.

"धाकटे, तुझ्या त्या नर्सबाईंना विचार. माझा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो. काय करू?"

"विचारते हं, आई." तिनं फोनवर हात ठेवला, बाकाकडे बघितलं, मनात दहा आकडे मोजले. "त्या म्हणतात, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. दिवसातून तीनदा."

"एवढंच? गोळी नाही?"

"त्या म्हणतात, गोळ्या खाऊन कुणाचा गुडघा तरुण झालाय?"

पलीकडून मग सासूबाई खुसखुसल्या. "बाई तोंडाळ दिसते," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना आवडल्याचं धाकटीला कळलं. तिला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. नवऱ्याला थाप मारणं वेगळं. या बाईच्या शेजारी तिनं तीस वर्षं काढली होती.

तिसऱ्या दिवशी दिवसभर वारा होता. फोन केला तर सासूबाई टपूनच बसल्या होत्या.

"गुडघा हलका झाला गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या नर्सबाईंचं काही तरी केलं पाहिजे. मी त्यांना पावसाळी कोट शिवते. ते निळं कापड पडलंय ना, त्यातला."

धाकटी बाकावरून उठून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या हातून एका कोटाचं कापड तिरकं कापलं गेलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी कात्री पुसून कपाटात ठेवली आणि त्यानंतर हात लावला नव्हता. आता ही बाई कात्री काढायची म्हणतेय, ती कुणासाठी, तर जगात नसलेल्या माणसासाठी.

"कशाला आई, उगाच त्रास."

"त्रास माझा आहे. तू माप सांग. वहीत शोधलं, सापडलं नाही."

"वहीत... नसेल. मी घाईत तोंडीच घेतलं होतं."

"मग तोंडी सांग."

आता माप म्हटल्यावर शिंपिणीला विचार करावा लागत नाही. ते बोटांत असतं. धाकटीनं डोळे मिटले आणि सुटलं ते तोंडातून, थांबलं नाही. छाती चौतीस. खांदा साडेतेरा. बाही एकवीस. कोटाची उंची एकोणचाळीस. उजवा खांदा अर्धा इंच उतरता.

"किती उतरता?"

"अर्धा इंच. उजवा."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "लिहिलं."

मग फोन नवऱ्याकडं गेला. शनिवारी तुम्ही पायवाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या फाट्यावर पोचता ना, तो म्हणाला, तिथं दुपारी कोट पोचता करू. नर्सबाईंशी ओळखही होईल.

चौथ्या दिवशी ती कशी चालली ते तिचं तिलाच माहीत. पिवळ्या खुणा दोनदा चुकली. नर्सबाईंना हाक मारावी तर जीभ रेटेना, कारण आता तोंड कुठं लपवायचं हा प्रश्न दोघींपुढंही होता. कोट घेऊन नवरा येणार. गाडीतून उतरणार, इकडंतिकडं बघणार, विचारणार. पुढं काय ते तिला तोंडपाठ होतं. दार उघडेल आणि ती बसेल. चार दिवस, साठ किलोमीटर, आणि घरी परत. सगळे हसणारही नाहीत, हे जास्त वाईट. सगळे समजून घेतील.

त्या संध्याकाळच्या मुक्कामघरी एक पोक्त बाई होती. तिनं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं, की फाट्याला जायलाच पाहिजे असं नाही. टेकडीवरून दुसरी वाट आहे, ती फाटा टाळून थेट पुढच्या मुक्कामाला निघते. चढ आहे, पण गर्दी नाही.

शनिवारी सकाळी धाकटी टेकडीच्या वाटेला लागली. चुकामूक झाली म्हणायचं, फोनला रेंज नव्हती म्हणायचं. एक ठिगळ, त्यावर दुसरं ठिगळ. अर्धा तास तरातरा चढली. वर वारा होता, खाली समुद्र चकाकत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढं मात्र कापायचं टेबल होतं. त्यावर निळं कापड पसरलेलं. खडूची रेघ आखलेली. आणि रेघेवर कात्री ठेवायच्या आधी थबकणारा तो हात. दोन वर्षांनी तो हात उचलला गेला होता, आणि त्यानं शिवलेला कोट फाट्यावर असाच पडून राहणार होता.

"नाही जमायचं," ती म्हणाली, मागं वळली आणि उतारावर जवळजवळ पळतच सुटली. फोड फुटला. फुटू दे म्हणाली.

फाटा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बाक, दोन रस्ते. ती साडेबाराला पोचली. बाकावर बसली, उठली, शेडला तीन प्रदक्षिणा घातल्या. जी गाडी येईल तिच्याकडं वळून बघायची. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. अहो, नर्सबाई नाहीत. कधीच नव्हत्या. मी एकटी आहे. एवढं सांगून गप्प बसायचं आणि सॅकेचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचे.

गाडी आलीच नाही. एक वाजता बस आली. बसचं दार उघडलं, आधी एक पाय बाहेर आला, चाचपडत खालची पायरी शोधून टेकला, मग दुसरा आला. निळा पावसाळी कोट घातलेली एक बाई उतरली. कोट असा बसला होता, की अंगावरच कापलाय. खांद्यावर सुरकुती नाही, बाही नेमकी मनगटावर. फक्त खालचा काठ एका बाजूला पाव इंच तिरका होता.

"आई?" धाकटी म्हणाली.

"नर्सबाई म्हण," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना तेच सांगितलंयस ना?"

बस निघून गेली. सासूबाई बाकावर टेकल्या, गुडघा सरळ केला, दहा मोजले, खाली ठेवला. धाकटी समोर उभी. सॅकेचे पट्टे तिनं ठरवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

"त्याच्या सहा जणांची आज परीक्षा आहे गाडीची," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं मी जाते. तो म्हणाला, एकटी कशी जाशील? मी म्हटलं, एकटी कुठं, बसमध्ये चाळीस माणसं असतात."

"आई, मी सांगणारच होते."

"माप सांगितलंस तेव्हाच सांगून झालं. उजवा खांदा अर्धा इंच उतरता." त्यांनी आपला उजवा खांदा बोटानं दाबून दाखवला. "कात्री चालवून चालवून उतरतो हा. पन्नास वर्षं लागतात. इंजेक्शनं देऊन नाही उतरत."

धाकटी खाली बसली, बाकावर नाही, तिथंच रस्त्याच्या कडेला. आपण सासूबाईंचंच माप सांगतोय हे तिला खरंच माहीत नव्हतं. कुणाचं तरी माप सांगायचं होतं, आणि बोटांनी हे काढून दिलं होतं.

"त्याला खोटं सांगितलंस, ते मी समजू शकते," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला. "पण मला? मी अडवलं असतं तुला? मी काय ब्रेक दाबून बसलेय? गुडघ्यासाठी मी रोज तीनदा पाय उचलतेय, आणि तिकडं कोण सांगतंय, तर कुणीच नाही! वेड्यासारखं वाटलं मला. रात्रभर चिडले होते. म्हटलं, नाही शिवत जा."

"मग शिवलात कशाला?"

सासूबाईंनी कोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं.

"कारण माझं माप कुणी घेतलं नव्हतं गं इतक्या वर्षांत. सगळ्या गावाचे कोट कापले. मला कधी लागलाच नाही. कुठं जायचंय मला, म्हणून कोट लागेल?" त्या समुद्राकडं बघत होत्या. "तू घेतलंस. न विचारता का होईना, बरोबर घेतलंस. मग कापलं. काठ बघ, जरा गेलाय."

"दिसत नाही, आई."

"दिसतो. खोटं पुरे आता."

मग दोघी थोडं चालल्या. पायवाट फाट्यापासून सपाट होती, एका वळणापर्यंत सासूबाईंना जमण्यासारखी. धाकटीनं हात पुढं केला, तर त्यांनी तो झटकला. वळणावर पोचल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि वारा कोटात शिरला. धाकटीचा उजवा पाय मशीन चालवल्यासारखा हलत होता, हे सासूबाईंनी बघितलं.

शेडपाशी परत आल्या तेव्हा फोन वाजला. नवरा. धाकटीनं फोनकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पोचले रे बाबा. भेटल्या की नर्सबाई. इथंच आहेत. चांगली दणकट बाई आहे, माझ्यापेक्षाही... कोट? अगदी बरोबर बसला. अंगातून काढायला तयार नाहीत. नाही, फोनवर नाही बोलायच्या त्या, तसा स्वभाव आहे. तू काळजी सोड. मी स्वतः बघितलंय ना?"

फोन बंद करून त्यांनी तो धाकटीच्या हातात दिला. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती. धाकटी बघतच राहिली. तीस वर्षांत या बाईला तिनं कधी थाप मारताना ऐकलं नव्हतं, आणि आता कळलं की ऐकलं असतं तरी ओळखू आलं नसतं.

"रोज संध्याकाळी फोन मला करायचा," सासूबाई म्हणाल्या. "मला खरं सांगायचं. त्याचं मी बघते."

तीनच्या बसला फक्त तीन माणसं होती. धाकटीनं सासूबाईंना वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या, काच सरकवली आणि बाहेर वाकल्या. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं होतं, तरी त्यांनी विचारलं,

"एकटीला कसं वाटतं गं?"

छान वाटतं, असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"चैन पडत नाही, आई. दर अर्ध्या तासाला वाटतं परत जावं. आत्ता या बसमध्ये चढावं असं वाटतंय."

"आणि?"

"आणि चढायचं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं, खांद्यापासून पायापर्यंत, कापायच्या आधी कापडाकडं बघतात तसं. कंडक्टर मागून ओरडला, बाई, डोकं आत घ्या, उशीर होतोय.

"हो, हो, उशीर होतोय, मला माहीत आहे," सासूबाई सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "चला लवकर. माझ्या सुनेला अजून पाचशे चाळीस किलोमीटर चालायचंय. एकटीला."